पॅरिसमधील रेस्टॉरंटचा उदय : एका प्रचलित समजुतीची चिकित्सा

फ्रान्सच्या सामाजिक इतिहासावरील लोकप्रिय ग्रंथांत एक विधान वारंवार आढळते. १७८९ च्या राज्यक्रांतीने सरदार घराणी देशोधडीला लागली, त्यांच्या मुदपाकखान्यांतील कुशल आचारी बेकार झाले आणि उदरनिर्वाहासाठी त्यांनी पॅरिसमध्ये भोजनगृहे उघडली. आज जगभर परिचित असलेले उंची फ्रेंच रेस्टॉरंट हे या उलथापालथीचे अपत्य होय, असे हे विधान आहे. त्यात कार्यकारणाची जोडी ठसठशीत दिसते. शिवाय सरदारांच्या पंक्तीचे सुख नागरिकांच्या वाट्याला आले, असा ऐतिहासिक न्यायाचा भासही त्यातून निर्माण होतो. तथापि कालक्रमाची कसोटी लावली असता हे विधान पूर्णपणे टिकत नाही. रेस्टॉरंट ही संस्था क्रांतीपूर्वी सुमारे पंचवीस वर्षे जन्मास आली होती, आणि तिचा उगम राजेशाही मेजवानीत नसून आजारी माणसाच्या पथ्यात होता. या उगमाचे स्वरूप काय होते, क्रांतीने त्यात कोणती भर घातली आणि वरील समजूत रूढ का झाली, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१

प्रथम शब्दाचा विचार करणे इष्ट होईल. ‘रेस्टोराँ’ या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ ‘पूर्ववत करणारे, शक्ती परत आणणारे’ असा आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा शब्द जागेचा वाचक नव्हता, पदार्थाचा होता. कोंबडी, वासराचे मांस इत्यादी जिन्नस झाकणबंद भांड्यात मंद आचेवर दीर्घकाळ शिजवून काढलेल्या दाट मांसरसाला ‘रेस्टोराँ’ म्हणत. दिदेरोच्या संपादकत्वाखाली सिद्ध झालेल्या विश्वकोशातही हा शब्द वैद्यकीय संज्ञा म्हणूनच आलेला आहे. आयुर्वेदात कृश व दुर्बल रुग्णाला मांसरस देण्याची जी कल्पना आहे, तिच्याशी या कल्पनेचे साम्य सहज लक्षात येईल. पचनाचे निम्मे काम भांड्यातच उरकलेले असल्याने दुर्बल जठरालाही या रसापासून पोषण मिळते, असे तत्कालीन वैद्यकाचे मत होते.

हा पदार्थ केवळ रुग्णशय्येपुरता राहिला नाही. फ्राँस्वा मारँ याच्या १७३९ मधील पाकशास्त्रावरील ग्रंथात असल्या सत्त्वरूप रसांना नव्या, नाजूक पाकपद्धतीचा पाया मानलेले आहे. पुढे १७६० च्या सुमारास पॅरिसच्या सुशिक्षित समाजात प्रकृतीची नाजूकता ही जवळजवळ प्रतिष्ठेची गोष्ट झाली. ज्याची संवेदनशीलता सूक्ष्म त्याचे जठरही कोमल, असा एक समज त्या काळी पसरलेला होता. रूसोच्या लेखनाने साध्या, निसर्गाजवळच्या आहाराचे जे आकर्षण निर्माण केले त्याने या प्रवृत्तीला बळ दिले. तात्पर्य, प्रकृतीच्या सबबीवर स्वतःपुरते, थोडे आणि निवडक खाऊ इच्छिणारा एक वर्ग पॅरिसमध्ये तयार झाला होता. त्याची ही गरज भागविणारी दुकाने निघाली. शक्तिवर्धक रस विकणाऱ्याला ‘रेस्टोराटर’ म्हणू लागले. आणि हळूहळू पदार्थाचे नाव जागेला चिकटले.

२

या दुकानांपैकी पहिले कोणते, याविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. १७६५ मध्ये लूव्हर राजवाड्यानजीकच्या पूली नामक गल्लीत बूलांजे नावाच्या इसमाने मांसरसाचे दुकान उघडले. पुढे त्याने मेंढीचे पाय पांढऱ्या सॉसमध्ये शिजवून विकावयास सुरुवात केली. शिजविलेले कालवण विकण्याचा हक्क ‘त्रेतर’ म्हणजे मेजवान्यांचे अन्न पुरविणाऱ्या स्वयंपाक्यांच्या श्रेणीकडे होता. म्हणून त्या श्रेणीने त्याच्यावर खटला भरला. परंतु न्यायालयाने बूलांजेच्या बाजूने निकाल दिला आणि रेस्टॉरंटचा मार्ग मोकळा झाला, अशी ही कथा आहे.

या कथेतील निरनिराळ्या थरांचे पुराव्याच्या दृष्टीने मोल सारखे नाही. फ्रेंचांच्या खासगी जीवनाचा इतिहास लिहिणाऱ्या लेग्रां दोसी याने १७८२ मध्ये बूलांजेचा उल्लेख केलेला आहे. तो त्रेतर नसल्यामुळे कालवणे विकू शकत नव्हता, म्हणून मांसरसाबरोबर जाड्या मिठातील कोंबडी व ताजी अंडी असे पदार्थ लहान संगमरवरी मेजांवर देई, एवढेच त्या वृत्तान्तात सांगितलेले आहे. हा उल्लेख घटनेपासून सतराच वर्षे दूर असल्याने विचारात घेण्याजोगा आहे. खटल्याची व विजयाची कथा मात्र नंतरची भर दिसते. अमेरिकन इतिहासकार रेबेका स्पँग यांनी रेस्टॉरंटच्या उगमावरील आपल्या २००० मधील ग्रंथासाठी न्यायालये, पोलीस व श्रेणी यांची दप्तरे तपासली. त्यांत त्यांना अशा खटल्याचा मागमूस आढळला नाही. श्रेणींच्या सीमारेषाही कथेत दाखविल्या जातात तितक्या अभेद्य नव्हत्या. अनेक रेस्टोराटर स्वतःच त्रेतर होते, आणि एकाच व्यक्तीने दोन व्यवसायांचे अधिकार धारण करणे असामान्य नव्हते.

स्पँग यांनी बूलांजेऐवजी ज्या पुरुषाकडे लक्ष वेधले, तो मॅत्युरँ रोझ द शांत्वाझो हा आचारी नव्हता. तो व्यापारी योजना आखणारा एक उद्योगी गृहस्थ होता. राष्ट्रीय कर्जाच्या निवारणाची योजना त्याने मांडली होती, तसेच पॅरिसमधील व्यापारी व कारागीर यांचे पत्ते देणारी एक वार्षिक निर्देशिकाही १७६९ मध्ये काढली होती. या निर्देशिकेत पहिला रेस्टोराटर म्हणून त्याने आपलीच जाहिरात केलेली आहे. स्वतःविषयीची जाहिरात हा निर्णायक पुरावा नव्हे, हे उघड आहे. तथापि नवी संस्था पाकशाळेतून उगवली नाही. शहरातील माणसांच्या गरजा हेरणाऱ्या व्यापारी बुद्धीने तिला आकार दिला, एवढे अनुमान त्यावरून निश्चित करता येते.

संस्था त्या सुमारास अस्तित्वात होती याचा स्वतंत्र पुरावाही आहे. दिदेरोने १७६७ मध्ये आपली मैत्रीण सोफी व्होलाँ हिला लिहिलेल्या पत्रात पूली गल्लीतील रेस्टोराटरकडे आपण जेवल्याचे नमूद केले आहे. तेथील व्यवस्था त्याला आवडली, पण दर भारी वाटला. क्रांतीपूर्वी बावीस वर्षे नोंदविलेल्या या अभिप्रायात पुढील काळातील उंची रेस्टॉरंटची दोन लक्षणे, म्हणजे आदबशीर वागणूक आणि महागाई, एकत्र दिसतात.

३

या दुकानांत नवे काय होते, हे कळण्यासाठी तत्पूर्वीची बाहेर जेवण्याची रीत पाहिली पाहिजे. परगावच्या माणसाला किंवा एकट्या राहणाऱ्या नोकरदाराला ‘ताब्ल दोत’ म्हणजे यजमानाच्या सामाईक मेजाचा आश्रय घ्यावा लागे. वेळ ठरलेली, दर ठरलेला, पदार्थ यजमान ठरवील ते, आणि शेजारी कोण बसेल ते दैवाधीन. मराठी वाचकाला खाणावळीतील पंगतीवरून याची काहीशी कल्पना येईल. भेद एवढाच की, पंगतीत वाढपी प्रत्येकाच्या पानापर्यंत येतो. ताब्ल दोतमध्ये भांडी मेजावर मांडली जात आणि ज्याचा हात पोचेल त्याला मिळे. लुई-सेबास्तियाँ मेर्सिए याने पॅरिसच्या आपल्या वर्णनात या पद्धतीवर सडकून टीका केली आहे. मुख्य पदार्थांजवळच्या मधल्या जागा नेहमीचे गिऱ्हाईक बळकावून बसते आणि संकोची परका मनुष्य अर्धपोटी उठतो, ही त्याची तक्रार आहे. याखेरीज घरी अन्न मागविण्यासाठी त्रेतर होते. पण ते मुख्यतः समारंभांचे व घाऊक मागणीचे काम करीत. कॉफीगृहांत लहान मेजे होती. मात्र तेथे पेये मिळत, शिजविलेले जेवण मिळत नसे.

रेस्टोराटरने कॉफीगृहातील लहान मेज घेतले आणि त्यावर जेवण ठेवले. प्रत्येकाची प्रकृती निराळी, म्हणून प्रत्येकाचे पथ्य निराळे. ज्याला जेव्हा भूक लागेल तेव्हा त्याने यावे. एकट्याने किंवा आपल्या सोबत्यांसह बसावे. यादीतील हवा तो पदार्थ मागवावा आणि तेवढ्याचेच पैसे द्यावेत. या सर्व गोष्टी आरंभी वैद्यकीय तर्कातून निघाल्या होत्या. रुग्ण व नाजूक प्रकृतीची माणसे ठराविक वेळी ठराविक अन्न खाऊ शकत नाहीत, हेच त्यांचे समर्थन होते. पुढे मांसरस मागे पडला, पथ्याची सबब गळाली आणि स्वतंत्र मेज, स्वतंत्र निवड व स्वतंत्र हिशेब ही त्रयी मात्र कायम राहिली. रेस्टॉरंटचे वैशिष्ट्य शोधावयाचे तर ते या त्रयीत शोधावे लागते. पदार्थांची चव बदलत राहिली. हा सांगाडा बदलला नाही.

येथे एक मर्यादा नमूद करणे आवश्यक आहे. ग्राहकाने पदार्थ निवडून मागविण्याची पद्धत जगात प्रथम पॅरिसमध्येच निघाली, असे म्हणता येत नाही. चीनमधील सुंग राजवटीच्या कायफंग या राजधानीतील भोजनगृहांचे जे वर्णन बाराव्या शतकातील मंग युआनलाव याने करून ठेवले आहे, त्यात अशी पद्धत पूर्ण विकसित झालेली दिसते. पॅरिसच्या घटनेचे महत्त्व आद्यत्वात नाही. तिच्यापासून पुढे युरोप व अमेरिकेत पसरलेली अखंड परंपरा निघाली, यात आहे.

४

आता क्रांतीच्या वाट्याला नेमके किती श्रेय जाते, हे पाहता येईल. आंत्वान बोव्हिल्ये हा सरदारी मुदपाकखान्यातून बाहेर पडलेल्या आचाऱ्यांचा प्रातिनिधिक नमुना म्हणून सांगितला जातो. तो काउंट ऑफ प्रोव्हाँस म्हणजे पुढील अठरावा लुई याच्या पदरी होता, हे खरे. परंतु त्याने आपले आलिशान रेस्टॉरंट १७८० नंतरच्या दशकात, राजवाडे शाबूत असतानाच उघडले. प्रोव्हाँस प्रांतातून आलेल्या तिघा भागीदारांचे ‘त्रॉ फ्रेर प्रोव्हाँसो’ हेही १७८६ मध्ये सुरू झालेले होते. या धंद्याला जी जागा मिळाली तीही क्रांतीपूर्वीच सिद्ध झाली होती. ड्यूक ऑफ ऑर्लेआँ याने पाले-रॉयाल या आपल्या वाड्याच्या बागेभोवती कमानींची दुकाने बांधून १७८४ मध्ये ती लोकांना खुली केली. त्या ओवऱ्यांत कॉफीगृहे, पुस्तकांची दुकाने, जुगाराचे अड्डे व रेस्टॉरंट शेजारीशेजारी नांदू लागली. तेथील ‘काफे द शार्त्र’ १८२० मध्ये जाँ व्हेफूर याने विकत घेतले. ‘ग्राँ व्हेफूर’ या नावाने प्रसिद्धी पावलेल्या त्या वास्तूतील आरसे व रंगविलेल्या काचा यांवरून जुन्या उंची रेस्टॉरंटच्या अंतरंगाची कल्पना येऊ शकते.

याच्या उलट बाजूचा पुरावाही सोडून चालणार नाही. प्रिन्स ऑफ काँदे जुलै १७८९ मध्ये देश सोडून गेला, तेव्हा त्याच्या पदरचे रोबेर व मेओ हे आचारी पॅरिसमध्ये रेस्टॉरंटचे चालक झाले. मार्च १७९१ च्या आलार्दच्या कायद्याने श्रेणी रद्द झाल्या. परवान्याचा कर भरून कोणालाही कोणताही धंदा करण्याची मुभा मिळाली. प्रांतोप्रांतीचे लोकप्रतिनिधी राजधानीत आले. घरदार मागे ठेवून आलेल्या या मंडळींना जेवणासाठी बाहेर पडणे भाग होते. अर्थात क्रांतीने आचारी, कायदेशीर मोकळीक आणि ग्राहक या तिन्ही बाबतींत भर घातली. परंतु ही भर आधीपासून उभ्या असलेल्या संस्थेत पडली. केवळ बेकार आचाऱ्यांमुळे रेस्टॉरंट निर्माण झाली असती, तर ती लियों, बोर्दो अशा शहरांतही त्याच वेळी दिसावयास हवी होती. प्रत्यक्षात एकोणिसावे शतक बरेच पुढे सरेपर्यंत रेस्टॉरंट हे बव्हंशी पॅरिसचेच वैशिष्ट्य राहिले. सरदारांच्या वाड्यांपेक्षा महानगरातील अनोळखी माणसांची गर्दी, हीच त्याच्या वाढीची आवश्यक भूमी होती.

शिवाय क्रांती आणि रेस्टॉरंट यांचे नाते सरळ मैत्रीचे नव्हते. समतेचे प्रतीक म्हणून क्रांतिकारकांनी जी प्रतिमा पुढे केली ती सामाईक मेजाची होती. जुलै १७९४ मध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आपापले अन्न आणून एकत्र जेवण्याची ‘बंधुभावाची सहभोजने’ झाली. गरीब व श्रीमंत एका पंक्तीस बसल्याचे ते दृश्य होते. तरीही बारेर व रोबेस्पिएर यांनी त्यांविषयी संशय व्यक्त केला. एका मेजावर बसल्याने देशभक्त व देशशत्रू यांतील भेद पुसला जातो, अशी त्यांची भीती होती. एकत्र बसूनही मने एकत्र नसतील, तर पंगत ही समतेचा पुरावा ठरत नाही, हा प्रश्न त्यातून उपस्थित झाला. दुसऱ्या टोकाला रेस्टॉरंटमधील वेगळे मेजही निःशंक राहिले नाही. सोळाव्या लुईच्या देहान्ताच्या बाजूने मत देणारा प्रतिनिधी लपलतिए द सँ-फार्जो हा २० जानेवारी १७९३ रोजी पाले-रॉयालमधील फेव्रिए याच्या रेस्टॉरंटमध्ये गेला असता राजाच्या एका माजी अंगरक्षकाने त्याचा खून केला. कोणालाही प्रवेश असलेल्या जागी शेजारच्या मेजावर कोण बसले आहे, हे कोणासच ठाऊक नसते. स्वतंत्र मेजाने दिलेल्या मोकळिकीची ही दुसरी बाजू होती.

५

दहशतपर्व संपल्यावर, विशेषतः नेपोलियनच्या अमदानीत, रेस्टॉरंटचे राजकीय रंग मावळले आणि त्याला रसिकतेचे क्षेत्र म्हणून स्वतंत्र मान्यता मिळाली. ग्रिमो द ला रेनिएर याने १८०३ ते १८१२ या काळात खवय्यांसाठी काढलेल्या वार्षिकांनी पॅरिसमधील दुकानांची व रेस्टॉरंटची गुणदोषचर्चा सुरू केली. पाकगृहांचे नियतकालिक परीक्षण करणारे लेखन येथून रूढ झाले, असे मानण्यास हरकत नाही. क्रांतीमुळे सरदारांचे आचारी रस्त्यावर आले व रेस्टॉरंट वाढली, या उपपत्तीचा प्रसारही मुख्यतः याच लेखकाने केला. ग्रिमो हा जुन्या राजवटीतील धनाढ्य करवसुलीदाराचा पुत्र होता. आपल्या वर्गाचे वैभव नष्ट झाले नसून ते रूपांतर पावून शिल्लक आहे, असे सांगण्यात त्याला समाधान असणे स्वाभाविक होते. दुसरीकडे उदारमतवादी लेखकांना मक्तेदारीवर स्वतंत्र व्यापाराने मिळविलेला विजय म्हणून बूलांजेची कथा सोयीची वाटली. अशा रीतीने परस्परविरोधी दोन पक्षांच्या सोयीतून दोन आख्यायिका दृढ झाल्या, आणि मांसरसाचा वैद्यकीय उगम विस्मृतीत गेला.

१८०२ च्या ॲमिअँ येथील तहानंतर इंग्लिश प्रवाशांचे लोंढे पॅरिसला आले. त्यांच्या वृत्तान्तांतून या संस्थेचे बाह्य रूप कळते. फ्रान्सिस ब्लॅग्डन याने १८०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बोव्हिल्येच्या येथील पदार्थांची छापील यादी किमतींसह उद्धृत केली आहे. वर्तमानपत्राच्या पृष्ठाएवढ्या त्या यादीचे वाचन हेच एक काम होऊन बसे. भिंतींवरील आरसे, सभ्य स्त्रियांची सार्वजनिक दालनात उपस्थिती आणि त्याच छताखाली दार लावून घेता येणाऱ्या खासगी खोल्या यांचे परकीयांना नवल वाटे. चार लोकांत असूनही एकान्त उपभोगता येणे, ही जी सुखद आणि खर्चिक अनुभूती आजही उंची फ्रेंच रेस्टॉरंटशी निगडित आहे, तिचे सर्व घटक या काळात स्थिर झालेले दिसतात.

या संस्थेचे मूल्यमापन समकालीनांपैकी ब्रिया-साव्हारँ याने सर्वांत समतोलपणे केले. १८२५ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने वेळेचे स्वातंत्र्य, खर्चाची आगाऊ कल्पना आणि निवडीची मुभा हे रेस्टॉरंटचे लाभ मोजले आहेत. पण त्याचबरोबर ऐपतीबाहेर खर्च करण्याचा मोह आणि एकट्याने जेवण्याने वाढणारी आत्मकेंद्री वृत्ती हे दोषही त्याने दाखविले. विशेषतः दुसरा दोष त्याला समाजाच्या दृष्टीने घातक वाटला. स्वतंत्र मेजाने माणसाला अनोळखी शेजाऱ्याच्या दंडेलीतून सोडविले, पण शेजारधर्मातूनही सोडविले, असा त्याच्या विवेचनाचा आशय आहे.

६

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, रेस्टॉरंटचा उगम १७६५ नंतरच्या काही वर्षांत, प्रकृतीची काळजी घेणाऱ्या सुखवस्तू नागरिकांसाठी मांसरस विकणाऱ्या दुकानांत झाला. क्रांती ही त्याची जननी नव्हे, पोषणकर्ती होय. दुसरा असा की, या संस्थेचे सार पाककौशल्यापेक्षा तिच्या रचनेत आहे. जन्माने मिळणारा मान दारातच संपला आणि पैसे देऊ शकणारा प्रत्येक जण सारखा ठरला. परंतु यादीतील प्रत्येक पदार्थापुढे छापलेला आकडा हीच नवी भिंत झाली. दिदेरोने १७६७ मध्ये महागाईविषयी जो शेरा मारला, तो या विरोधाचा पहिला उच्चार म्हणावा लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ड्युव्हाल नावाच्या एका पॅरिसकर खाटकाने कष्टकऱ्यांसाठी स्वस्त भोजनगृहांची साखळी काढली, तेव्हा तीत प्रामुख्याने मांसरसच दिला जाई. त्या भोजनगृहांना ‘बुयाँ’ म्हणजे रस हेच नाव पडले. श्रीमंतांच्या नाजूक जठरासाठी निघालेला पदार्थ शंभर वर्षांनी मजुराच्या मेजावर पोचला; स्वतंत्र मेज आणि पदार्थागणिक हिशेब मात्र तेथेही तसेच राहिले.

तिसरा निष्कर्ष इतिहासलेखनाविषयी आहे. मोठ्या राजकीय घटनेच्या जवळपास उदयास आलेली प्रत्येक सामाजिक संस्था त्या घटनेचेच फळ मानण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. ती दूर सारण्यासाठी एखादी संस्था कोणाची गरज भागवीत होती, तिची पहिली नोंद कोठे सापडते आणि तिच्याविषयीची कथा सांगण्यात कोणाचा लाभ होता, हे प्रश्न विचारावे लागतात. बूलांजेच्या खटल्याची गोष्ट दीर्घकाळ ग्रंथाग्रंथांतून पुढे चालत राहिली. तिला आधार देणारा कागद दप्तरात आहे काय, हे पाहिले गेले तेव्हाच तिचे खरे मोल ठरले.